ई ड्राइव्हचं एफ झालं त्या दिवसापासून

आमचं ऑफिस अमळनेरला, जुन्या गावातल्या एका धाब्याच्या घरात आहे. नाना कर सल्लागार. वडिलोपार्जित घराच्या पुढच्या तीन खोल्या ऑफिसला दिलेल्या, सात संगणक, दोन प्रिंटर. कापसाचे व्यापारी, डाळ मिलवाले, किराणा दुकानदार, दोन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असे आमचे क्लायंट. मी इथे अकरा वर्षं हिशोब लिहिते. बीसीए केलेलं असल्यामुळे संगणकाचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं.

वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली होती, त्याच आठवड्यात मुख्य संगणकाची हार्ड डिस्क गेली. सकाळी बटण दाबलं तर आतून टक्‌ टक्‌ असा आवाज, आणि पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा तिच्यावर. जीएसटीच्या मासिक रिटर्नची, जीएसटीआर-३बी ची, २० तारीख दोन दिवसांवर आलेली. तरी मी शांत होते, कारण बॅकअप होता. रोज रात्री आठला एक बॅच फाइल (संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी) चालायची, काळी खिडकी क्षणभर उघडायची आणि मिटायची, टॅलीचं फोल्डर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जायचं. चार वर्षं ती खिडकी मी रोज पाहत होते.

ती यूएसबी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली. शेवटची तारीख ९ जानेवारी.

काय झालं ते कळायला अर्धा दिवस गेला. जानेवारीत कुणीतरी पेनड्राइव्ह लावून ठेवला असताना संगणक बंद करून पुन्हा चालू केला होता. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं, आमच्या बॅकअप डिस्कचं होतं ई. ‘ई’ हे अक्षर पेनड्राइव्हने घेतलं, आमची डिस्क ‘एफ’ झाली आणि विंडोजने तेच लक्षात ठेवलं. बॅच फाइल मात्र ‘ई’च शोधत राहिली. रोज अपयशी व्हायची आणि रोज तीच काळी खिडकी उघडून मिटायची. चार महिने.

खराब डिस्क नाशिकला दुरुस्तीला पाठवली. आतल्या तबकड्यांवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही, असा निरोप आला. मग आम्ही सगळे १९ दिवस जानेवारी ते मे पुन्हा भरत बसलो. भरलेली रिटर्न पोर्टलवर होती, बँकांचे उतारे मिळाले. पण पोर्टलवर रोकडीचा हिशोब नसतो, खर्चाची व्हाउचरं नसतात. पारोळ्याचे एक बापू आहेत, सरकीचे व्यापारी, अजून लाल वहीत रोजकीर्द लिहितात. त्यांना फोन केला तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले आणि पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, “ताई, मनी वही लई जाय. तिनामा समदं शे.” त्या दिवशी मला रडू आलं.

काम संपल्यावर नानांनी मला समोर बसवलं. “खर्च किती येईल ते नंतर सांग. पुन्हा असं झालं तर आपलं किती दिवसांचं काम जाईल आणि किती वेळात आपण उभे राहू, ते आधी सांग.” बॅकअपचा विचार कुठून सुरू करायचा, ते या प्रश्नाने मला कळलं. मी दोन दिवस मागितले आणि उत्तर दिलं: जास्तीत जास्त एका दिवसाचं काम जाईल, आणि अर्ध्या दिवसात पुन्हा चालू. पुढची प्रत्येक खरेदी या दोन आकड्यांवर ताडून पाहिली.

सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा सर्व्हर उभा करायचं ठरलं, पण त्यासाठी नवीन यंत्र घेतलं नाही. एक जुना डेस्कटॉप होता, त्याची रॅम १६ जीबी केली. जळगावला जाऊन गोलाणी मार्केटमधून ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एक छोटी एसएसडी, आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी), यूपीएस आणि नेटवर्कच्या कॅट-६ केबलचा ३०५ मीटरचा खोका आणला. डिस्क घेताना एक गोष्ट आग्रहाने विचारावी: ती सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी शेजारी असतात, एसएमआरमध्ये कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. अशी डिस्क जोडीतली एक बदलून पुन्हा भरायची वेळ आली की फार रखडते. केबलचंही तसंच. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. आम्ही पूर्ण तांब्याची घेतली.

पण सर्व्हर राहिला बाजूला, पहिला आठवडा गेला तो अर्थिंगमध्ये. आमच्याकडे संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सगळ्यांना त्याची इतकी सवय झालेली की कुणी बोलायचंच नाही. वायरमन दादांनी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला तर ३८ व्होल्ट. जुनं अर्थिंग केव्हाच मेलेलं. परसात नवा खड्डा केला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. मीटर दीड व्होल्टवर आला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल गेली की अर्थिंगही क्षीण होतं, म्हणून दादांनी खड्ड्यात एक पाइप उभा ठेवला. उन्हाळ्यात, मार्चपासून, आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात जातं. ज्यांची ऑफिसं जुन्या घरांत आहेत त्यांनी डिस्क घेण्याआधी हे तपासावं. शंभर-दोनशे रुपयांत होतं आणि पुढच्या सगळ्या यंत्रांचं आयुष्य त्यावर आहे.

वाय-फायवर टॅली चालवण्याचा त्रास आम्ही वर्षानुवर्षं सोसला, कारण भिंती दोन फूट जाड मातीच्या, त्यांतून लहरी पार होतच नाहीत. आता प्रत्येक टेबलापर्यंत केबल ओढायची ठरवली. लांब ड्रिल आणून भोकं पाडली, केबल विजेच्या तारांपासून वीतभर लांब ठेवून पट्टीतून नेली. टोकं मीच क्रिंप केली, म्हणजे आठही तारा रंगांच्या क्रमाने प्लगमध्ये दाबून बसवल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सातपैकी सहा संगणकांवर फाइल सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाऊ लागली, एकावर मात्र जेमतेम ११. इंटरनेट त्यावरही नीट चालत होतं, त्यामुळे कुणाला संशय आला नसता. टेस्टर लावला, त्यात प्रत्येक तारेचा एक दिवा असतो, तर सातवा दिवा पेटेना. तपकिरी जोडीतली एक तार बसलीच नव्हती. १०० एमबीपीएसला (हे मेगाबिट, आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) दोन जोड्या पुरतात, त्याच्या दहापट वेगाच्या गिगाबिटला चारही लागतात. एक जोडी निकामी असली की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. ते टोक कापून नवं बसवलं.

ज्या भिंतींनी वाय-फाय अडवलं, त्यांनीच सर्व्हरला जागा दिली. मे महिन्यात पुढच्या खोलीत दुपारी पारा ४१ वर जातो. आतली धान्याची खोली तिच्याहून सहा-सात अंशांनी थंड असते. रॅक तिथे भिंतीवर चढवला. धाब्याची माती बारीक झडत राहते, म्हणून वर प्लास्टिकचा कागद ताणला आणि पंख्यापुढे जाळी लावली. ती जाळी दर पंधरा दिवसांनी धुते. पुढच्या खोलीत चाचणी घेतली तेव्हा डिस्कचं तापमान ५२ दाखवत होतं, इथे ४४.

सर्व्हरला नेटवर्कवरचा पत्ता कायमचा दिला, १९२.१६८.१.१०. प्रिंटरांना २० आणि २१. राउटर आपोआप वाटतो ते पत्ते १०० पासून पुढे. ई-एफच्या प्रकरणानंतर आपोआप बदलू शकेल असं काहीही मला बॅकअपच्या वाटेत नको होतं.

सर्व्हरवर ट्रूनॅस टाकलं, फाइली साठवणाऱ्या सर्व्हरसाठीची ही कार्यप्रणाली फुकट आहे. ते एसएसडीवर, आणि दोन्ही मोठ्या डिस्क एकमेकींच्या आरसा. इथे नानांना एक गोष्ट समजावायला वेळ लागला. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, पण कुणी चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी जातं. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइलींचं गोठवलेलं चित्र. दिवसा दर तासाला एक, दोन दिवस राहतो. रात्रीचा ६० दिवस, महिन्याचा वर्षभर. ते फक्त वाचता येतात. एखाद्या विंडोज संगणकात खंडणीचा व्हायरस शिरला आणि त्याने सर्व्हरवरच्या सामायिक फाइली कुलूपबंद केल्या, तरी कालचा स्नॅपशॉट त्याच्या हाताला लागत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा असाच व्हायरस पसरला तो विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंगमधल्या त्रुटीतून, म्हणून ते जुनं शेअरिंग, एसएमबी १, सगळीकडे बंद केलं. नानांना घरून बघायचं असतं, त्यासाठी वायरगार्ड (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी, कुलूपबंद वाट). राउटरवर बाहेरून एकही दार थेट सर्व्हरकडे उघडलेलं नाही.

नकलेसाठी विंडोजमध्येच येणारी रोबोकॉपी ही आज्ञा वापरते. टॅली चालू असताना फोल्डर उचललं तर अर्धवट फाइली जाऊ शकतात, म्हणून साडेआठला टॅली बंद झाल्यावर. रोबोकॉपी संपताना एक आकडा देते. ० ते ७ म्हणजे ठीक, ८ किंवा जास्त म्हणजे काहीतरी राहिलं. तो आकडा स्क्रिप्ट तपासते आणि रात्रीच्या नकलेचा मेल सकाळी नऊला मला आणि नानांना येतो: किती फाइली गेल्या, शेवटची तारीख काय, डिस्कची तब्येत कशी. मेल आला नाही तर सकाळचं पहिलं काम तेच. आता काहीच न कळणं हीच तक्रार समजायची, असं आम्ही ठरवलंय.

ऑफिसला आग लागली तर? म्हणून दोन बाहेरच्या डिस्क, अ आणि ब, दोन्ही एनक्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या. दर शनिवारी एक भरून मी धरणगावला घरी नेते, दुसरी सोमवारी परत आणते. पासवर्ड कागदावर, नानांच्या बँक लॉकरमध्ये. शिवाय क्लाउड. कंपन्यांच्या हिशोबाची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणं ऑगस्ट २०२२ पासून नियमातच आहे, त्यामुळे मुंबईत डेटा सेंटर असलेली सेवा घेतली. आमचा डेटा ३८० जीबी, वर चढवायचा वेग २० एमबीपीएस. गणित केलं तर ४२ तास. रात्री दहा ते सकाळी सहा असं सहा रात्री चाललं. आता रोज फक्त बदललेलं जातं.

यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडलाय. वीज गेल्यावर पाच मिनिटं वाट पाहून सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. खरोखर प्लग उपटून पाहिलं, बॅटरी ११ मिनिटं टिकली. सगळा खर्च ५५,००० च्या आत.

जुलैच्या पहिल्या शनिवारी परत आणण्याचा सराव केला. एक कोरा लॅपटॉप घेतला, ऑफिसचा एकही संगणक वापरायचा नाही असं ठरवलं आणि ‘ब’ डिस्कवरून सुरुवात केली. डेटा तासाभरात आला. टॅली मात्र परवान्याशिवाय एज्युकेशनल मोडमध्ये उघडली. बघता सगळं येत होतं, पण नोंद करायला महिन्याच्या ठरावीक दोन-तीनच तारखा. परवान्याचा सिरीयल क्रमांक आणि ॲक्टिव्हेशनचा मेल आता त्याच लॉकरमध्ये आहेत. दुसरं असं कळलं की आमच्या दोन सहकाऱ्यांच्या नोटिशींची उत्तरं त्यांच्या डेस्कटॉपवर पडून होती, बॅकअपमध्ये नव्हतीच. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही कुठे ठेवलेला नव्हता. तिन्ही त्याच दुपारी दुरुस्त केलं. अर्ध्या दिवसाचं नानांना दिलेलं वचन त्या दिवशी पाळता आलं नाही, सात तास लागले. ऑगस्टला साडेतीन.

ऑगस्टच्या सरावाला बापू योगायोगाने ऑफिसात होते. लॅपटॉपवर त्यांचं खातं उघडून फेब्रुवारीची रोकड दाखवली. त्यांनी पिशवीतून लाल वही काढली, चष्मा चढवला, आणि आम्ही दोघं पानं उलटत बेरजा ताडत बसलो. अकरा पानं जुळली. बाराव्या पानावर ३४० रुपयांचा फरक निघाला. तो मे महिन्यात घाईने भरताना मीच केला होता. तिथेच दुरुस्त केला, आणि त्या रात्रीच्या बॅकअपमध्ये तो गेला.