लेबलच्या जागी आडवी रेघ

काम अर्ध्या दिवसाचं वाटलं होतं. ऑडिटसाठी एक तक्ता भरायचा होता: कुठल्या व्हॉल्यूमचा, म्हणजे स्टोरेजवरच्या वेगळ्या कप्प्याचा, बॅकअप कसा होतो, कुठे जातो, किती दिवस राहतो. नेटअ‍ॅप कंपनीच्या स्टोरेज यंत्रांचे दोन गट, म्हणजे क्लस्टर, एक मुख्य आणि एक दुसऱ्या डेटासेंटरमध्ये. ज्यांनी हे बसवलं ते केव्हाच नोकरी सोडून गेलेले. मागे एक एक्सेल फाइल राहिली होती आणि तिच्यात प्रत्येक ओळीपुढे एकच मजकूर: ‘रोज, एक वर्ष’. अशा फाइलींवर माझा विश्वास नाही. सलग २३ ओळींत तोच मजकूर दिसला की तो बघून लिहिलेला नाही, खाली ओढून भरलाय, हे कळतं.

नेटअ‍ॅपच्या ऑनटॅप या प्रणालीमध्ये ‘बॅकअप’ नावाचं एकच पान नसतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, वेगळे; दुसऱ्या क्लस्टरवर प्रत नेणारं स्नॅपमिरर वेगळं; टेपवर बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायचं एनडीएमपी त्याहून वेगळं. एनडीएमपी चालू दिसलं तरी त्यावरून एवढंच कळतं की बॅकअप सॉफ्टवेअरला दार उघडं आहे. वेळापत्रक त्या सॉफ्टवेअरकडे असतं, स्टोरेजला त्याचा पत्ता नसतो. आमच्याकडे एनडीएमपी बंदच होतं, म्हणून तो रकाना पटकन भरून झाला.

मग मुख्य क्लस्टरवर ‘स्नॅपमिरर शो’ ही कमांड दिली. एकही नोंद नाही. शेजारी बसलेला सहकारी दचकला. “अगं, म्हणजे बॅकअपच नाही?” मी त्याला थांबवलं. स्नॅपमिररचं नातं, म्हणजे मूळ व्हॉल्यूम आणि त्याची प्रत यांची जोडी, जिथे प्रत पोचते तिथे सांभाळलं जातं. ‘शो’ तिकडे जाऊन द्यायची. मूळ बाजूला ‘स्नॅपमिरर लिस्ट-डेस्टिनेशन्स’ विचारायची असते. ती दिली आणि २३ च्या २३ नाती समोर आली.

दुसऱ्या क्लस्टरवर सगळं छान दिसत होतं. स्थिती ‘स्नॅपमिरर्ड’, ‘हेल्दी’खाली ‘ट्रू’, ‘लॅग टाइम’, म्हणजे प्रत मूळच्या किती मागे आहे, नऊ तासांचा, म्हणजे रात्रीची प्रत वेळेवर आलेली. पॉलिसी, म्हणजे काय आणायचं आणि किती ठेवायचं याचे नियम, ‘मिरर-अँड-व्हॉल्ट’. सहकारी म्हणाला, स्क्रीनशॉट काढून लाव आणि मोकळी हो. आमच्या टीममध्ये बरीच कामं अशीच संपतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. ‘हेल्दी’ हा रकाना शेवटची प्रत नीट पोचली का, एवढंच सांगतो. जुन्या प्रतींपैकी काय शिल्लक आहे, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून तिथल्या एकेका व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट मोजले. ‘मिरर-अँड-व्हॉल्ट’च्या नियमांत स्नॅपमिररने स्वतः काढलेला १, ‘डेली’ लेबलचे ७ आणि ‘वीकली’ लेबलचे ५२ ठेवायचे असतात; लेबल म्हणजे मूळ बाजूला स्नॅपशॉटवर लावलेली खूण. चौदा व्हॉल्यूमवर ते बरोबर होते. उरलेल्या नऊ व्हॉल्यूमवर प्रत्येकी एक. फक्त कालचा.

मुख्य क्लस्टरवर परत आले. ‘व्हॉल्यूम शो’मध्ये फक्त स्नॅपशॉट पॉलिसीचा, म्हणजे इथले स्नॅपशॉट कधी काढायचे आणि किती ठेवायचे याचा, रकाना मागितला. त्या नऊंना ‘डिफॉल्ट’ पॉलिसी नव्हती. कुणीतरी हाताने बनवलेली होती. कारणही समजण्यासारखं होतं: ‘डिफॉल्ट’मध्ये रोजचे दोनच स्नॅपशॉट राहतात, त्यांना १४ हवे होते. ‘व्हॉल्यूम स्नॅपशॉट पॉलिसी शो’ दिली. वेळापत्रक बरोबर, संख्या बरोबर. स्नॅपमिरर लेबलच्या जागी मात्र एक आडवी रेघ.

एवढंच होतं. पॉलिसी बनवताना लेबल द्यायची सक्ती नसते, ते राहून गेलं तरी कमांड मुकाट्याने पुढे जाते. मग दुसऱ्या क्लस्टरचा नियम ‘डेली’ किंवा ‘वीकली’ लेबल असलेले स्नॅपशॉट शोधतो, त्याला एकही सापडत नाही, आणि सापडला नाही ही त्याच्या लेखी चूक नसते. हे व्हॉल्यूम बनून चौदा महिने झाले होते. या काळात त्यांच्यावरून पुसलेली फाइल पंधरा दिवसांनी कुठेच उरत नव्हती: इथले स्नॅपशॉट १४ दिवसांत संपायचे, आणि तिथली एकुलती प्रत दुसऱ्याच रात्री नव्याने लिहिली जायची.

लेबल भरायला एक-दोन ओळी पुरल्या. ते यापुढच्या स्नॅपशॉटना लागेल. गेलेल्या वर्षाचं काही करता येणार नव्हतं.

तक्ता संध्याकाळी पाठवला, आणि तेव्हा मला एक जुनं तिकीट, म्हणजे आमच्याकडे नोंदवलेली तक्रार, आठवलं. चार महिन्यांपूर्वी एका विभागाने महिन्याभरापूर्वी गेलेलं फोल्डर मागितलं होतं. मी दोन्हीकडे शोधून लिहिलं होतं: बॅकअपमध्ये आढळले नाही, बॅकअप होण्याआधीच डिलीट झाले असावे. त्या दिवशीही मी तोच एकटा स्नॅपशॉट पाहिला होता. तो एकटा का, हे माझ्या मनातही आलं नाही, आणि आज ऑडिटचा तक्ता नसता तर अजूनही आलं नसतं.

मॅनेजर म्हणाले, बंद झालेलं तिकीट उघडायची गरज नाही, पुढचं सुधारलंय ना. मी ते उघडलं. लिहिलं की तुमच्याकडून चूक झाली नव्हती, तो बॅकअप आमच्याकडे असायलाच हवा होता आणि तो कधी घेतलाच गेला नव्हता.