लानबेरिसचे पाणी

काही वर्षांपूर्वी उत्तर वेल्समधील लानबेरिस या गावी दोन दिवस मुक्काम करण्याचा योग आला. खरा बेत स्नोडन शिखराचा होता, परंतु धुके काही हटेना, तेव्हा नाइलाजाने आम्ही गावामागच्या केनान्त माऊर या धबधब्याकडे वळलो. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ ‘मोठी घळ’ असा होतो. पाणी वरून सरळ कोसळते, मध्येच अंग मुरडते आणि तिरप्या कातळावरून घसरत बाजूने खालच्या डोहात उतरते. सह्याद्रीतील पावसाळा पाहिलेल्या माणसाला त्याची उंची बेताचीच वाटेल (मला तरी वाटली), पण ते वळण मात्र मी इतरत्र पाहिलेले नाही. १८९६ साली सुरू झालेली दातेरी रुळांची रेल्वे येथूनच स्नोडनकडे चढते.

तळ्यापलीकडचा डोंगर मात्र पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दिसतो. ती डिनॉर्विकची खाण. १७८७ ते १९६९ या काळात येथून पाटीचा दगड निघाला आणि भरभराटीच्या दिवसांत तीन हजारांहून अधिक माणसे येथे राबत होती. आपण हा दगड शाळेच्या पाटीमुळे ओळखतो. येथे मात्र त्याने घरे शाकारली जात. खाणीच्या जुन्या कर्मशाळेतील संग्रहालयात एका कारागिराने आमच्यासमोर दगडाच्या कडेला रुंद पात्याची छिन्नी टेकवली, तिच्यावर हलकेच ठोके दिले आणि वहीचे पान सुटावे तसा पातळ, सपाट पापुद्रा अलगद सुटून आला. छपराच्या या पाट्यांना आकारानुसार ‘डचेस’, ‘काउंटेस’, ‘लेडी’ अशी नावे होती. दिवसभर दगडाची धूळ खाणाऱ्यांच्या हातून उमरावांच्या बायका घडत होत्या, याची गंमत वाटते.

त्याच कर्मशाळेत १८७० सालचे, पंधरा मीटरहून अधिक व्यासाचे पाणचक्र आहे. स्नोडनच्या उतारावरचे पाणी लोखंडी नळांतून आणून त्यावर सोडले जाई आणि त्याच्या बळावर १९२५पर्यंत येथील यंत्रे चालत. आता त्याच खाणीच्या डोंगराच्या पोटात वीजकेंद्र आहे. १९८४ साली सुरू झालेल्या या केंद्रात विजेची मागणी वाढली की वरच्या मार्खलिन तळ्याचे पाणी बोगद्यांतून खालच्या पेरिस तळ्यात सोडतात आणि मागणी ओसरली की पुन्हा वर चढवतात. आपल्या घाटघर प्रकल्पाची रीतही हीच.

म्हणजे या गावातले सर्वांत मोठे कोसळणारे पाणी कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी पुन्हा घळीपाशी गेलो. रात्रभर पाऊस झाला होता. कालचे ते वळण फेसाखाली पार बुडून गेले होते आणि वरून जाणाऱ्या गाडीची धडधडही ऐकू येत नव्हती, नुसता तिचा धूर तेवढा दिसला.