कंबर भागिले सीट

आमच्या वेळी गुणोत्तराच्या गणितात गवळी दुधात पाणी घालायचा. आता त्याची जागा पोटाच्या घेराने घेतली आहे. कोथरूडला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा नववीतली भाची हे गणित घेऊन बसली होती: एका पुरुषाची कंबर 95 सेमी, नितंबांचा घेर 100 सेमी. कंबर भागिले नितंब हे गुणोत्तर 0.90 वर आणायचे, तर कंबर किती कमी व्हायला हवी?

तिने दोन ओळींत 5 सेमी काढून मोकळं केलं. भाजी निवडता निवडता बहीण म्हणाली, "आणि माणूस बारीक झाला की मागचं तसंच राहतं होय गं?" प्रश्न रास्त होता. मागचा घेर 96 वर आला, तर कंबर 86.4 हवी, म्हणजे 5 नाही, 8.6 सेमी घटवायला हवी. बायको नव्या ड्रेसचं माप देताना जे गृहीत धरते, ते पुस्तकवाले विसरतात.

0.90 ही पुरुषांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, बायकांसाठी 0.85. आकडा त्याच्या वर गेला, की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका बराच वाढतो. पण खरी मेख भागाकारात नाही, टेप कुठे लावायची यात आहे. लक्ष्मी रोडवरच्या माझ्या टेलरच्या वहीत माझी कंबर वर्षानुवर्षं 36 आहे, कारण पँट पोटाच्या खाली बसते. शास्त्राप्रमाणे टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. तो सोडायचा असतो, धरायचा नसतो, हे भाचीने मला दोनदा बजावलं. भरली 38. सीट, म्हणजे नितंबांचा घेर, 40. "इंचात चालेल, मामा. गुणोत्तराला एकक नसतं." उत्तर 0.95. म्हणजे गणितातला तो पुरुष मीच.

"पण माझं वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे," मी म्हणालो. या युक्तिवादाचा निकाल पुण्यातच लागलेला आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. अंगकाठी किरकोळ आणि आतून चरबी, हा आपला नमुना.

गुणोत्तराचीही एक खोड आहेच. 90 ला 100 आणि 108 ला 120, दोन्ही 0.90. दुसऱ्या गृहस्थांना कोणी निर्धास्त म्हणेल का? म्हणून डॉक्टर भारतीय पुरुषाची नुसती कंबरही 90 सेमीच्या आत मागतात.

सगळ्यात सोपी रीत सुतळीची. उंचीएवढी कापा, निम्मी दुमडा, कमरेभोवती पुरली पाहिजे. माझी टोकं चांगली पाच बोटं लांब राहिली. भाचीने सुतळी घेऊन मेहुण्यांकडे पाहिलं, तर ते पेपर उचलून गॅलरीत गेले होते.