पहिल्या पावसानंतर: वाळवंटी कुंड्यांची नोंद

यंदा मुद्दाम निम्म्या कुंड्या उघड्यावर ठेवल्या, निम्म्या छपराखाली. छपराखालच्यांना पाऊस पडला त्याच संध्याकाळी झारीने भरपूर पाणी दिलं. पाणी तर दोन्हीकडे मिळालं, मग फुलं सारखीच येतात का, एवढंच बघायचं होतं.

ल्युकोफायलमने काहीच फरक केला नाही. दोन्हीकडची झुडपं साधारण एकाच वेळी जांभळी झाली. टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतल्या या झुडपाला बॅरोमीटर बुश म्हणतात. मुळाशी आलेल्या पाण्यापेक्षा हवेतली आर्द्रता त्याला जास्त कळत असावी, असं माझं मत आता पक्कं होत चाललंय.

कोरिफँथा एलेफंटिडेन्स हे निवडुंग मात्र उघड्यावरच खुललं. सुरकुतलेल्या गाठी आधी टरारून फुगल्या, मग शेंड्यावरच्या लोकरीतून गुलाबी कळ्या वर आल्या. सगळ्या रोपांची फुलं एकदमच उमलली, त्यामुळे ब्रशने परागीभवन करायला बरं पडलं. लोकर भिजून राहिली की सड लागते, म्हणून पाऊस थांबला की रोपं वाऱ्याला ठेवतो.

खरी मजा कॅल्स्ट्रोमिया ग्रँडिफ्लोराने आणली. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरा वाळवंटातली ही उन्हाळी पावसावर उगवणारी वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात उगवून, फुलून संपणारी वनस्पती. गोखरूच्या कुळातली, पानंही तशीच, फक्त फूल मोठं आणि नारिंगी. वाळवंटी वर्षायूंच्या बियांवर वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी काम केलं होतं. पाणी वरून पडलं तर बिया रुजतात, तेवढंच पाणी मातीने खालून शोषलं तर रुजत नाहीत, असं त्यांना आढळलं. वरून झिरपणारं पाणी रुजवण रोखणारी द्रव्यं धुऊन नेतं आणि पावसाचं प्रमाणही त्यासाठी किमान अर्धा इंच लागतं. शिडकाव्याला बी फसत नाही. मी एक ट्रे पावसात ठेवला, दुसरा पाण्याच्या परातीत. पावसातला हिरवागार झाला आणि त्यातल्या पुढच्या रोपांना फुलंही आली. परातीतल्यात तुरळक दोन-चार कोंब. बिया त्याच, माती तीच.

अडेनियम अजून नुसत्या पानांवर आहे. उरलेला परातीतला ट्रे आता पुढच्या मोठ्या सरीत बाहेर काढणार. बिया मेलेल्या नसतील तर त्यातच कळेल.