रेचल जिंकली!

१० एप्रिल २०२१, ही तारीख मी विसरणार नाही. आज ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या अडथळा शर्यतीत मिनेला टाइम्स या घोड्याने शेवटचा अडथळा पार केला आणि मी खुर्चीतून उठलेच. कोरोनामुळे लिव्हरपूलचं मैदान रिकामं. हिरव्या-सोनेरी पट्ट्यांतली रेचल ब्लॅकमोर घोड्याच्या मानेवर वाकलेली. ३० अडथळे पार, आणि ही शर्यत जिंकणारी पहिली महिला जॉकी! पहिले पाचही घोडे आयर्लंडचे. गेल्याच महिन्यात इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या घोडेशर्यतींच्या महोत्सवात २८ पैकी २३ शर्यती आयरिश तबेल्यांनी मारल्या, ब्रिटनकडे उरल्या जेमतेम ५. तिथेही सहा शर्यती जिंकून रेचलच अव्वल होती.

डब्लिनमधल्या आमच्या शेजारच्या आजी कुंपणापलीकडून हात हलवत होत्या, डोळे पुसत. माझेही भरून आले.