इंजिनाचा नंबर आणि हुकलेलं उधाण

होडी ओढून वर घेणं, कुजलेल्या चार फळ्या बदलणं, नवं इंजिन बसवणं, सगळं मिळून अकरा दिवस. त्या इंजिनाचा नंबर होडीच्या नोंदणीच्या कागदावर चढायला एकोणीस! अजून चीड जात नाही, कारण त्यात पौर्णिमेचं उधाण हुकलं.

उधाण हुकणं म्हणजे काय, हे नोंदणीच्या कार्यालयात कुणाला सांगून पटत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस पाणी सगळ्यात वर चढतं. आमच्या रायगडच्या खाडीत उधाणाच्या नि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी चढणाऱ्या) भरतीत सहज मीटरभर फरक. उधाणाला वर घेतलेली बत्तीस फुटी होडी भांगाच्या पाण्यावर उतरत नाही, मधेच चिखलात रुतते. तिकडे इंजिनाची पाहणी "सोमवारी बघू" झाली की इकडे पंधरा दिवस गेले.

अडलं कशावर? बिलात इंजिनाच्या नंबरातल्या 8 चा 3 झाला होता. फाइल परत, दुरुस्त बिल, पुन्हा अर्ज, मग साहेब रजेवर. बिलावरचा नि इंजिनावरचा नंबर दुकानातच एकेक आकडा ताडून घ्या. फोटोही इंजिन बसवण्याआधीच काढा, नंतर नंबराची पट्टी फळीच्या बाजूला जाते.

तोवर होडी मार्चच्या उन्हात. फळ्या आकसल्या, पाणी अडवायला सांध्यात ठोकलेला नवा कापूस नखाने हलायला लागला. अशा वेळी घाईने आणखी कापूस ठोकू नका. पाण्यात फळी फुगते, कापसाला दबायला जागा उरत नाही आणि फळी वांकावरून (होडीच्या आतल्या बरगडीवरून) खिळ्यांसकट सुटते. आम्ही उन्हाच्या अंगाला झाप बांधले, कडांवर ओली गोणपाटं टाकली, आत रोज सकाळ-संध्याकाळ खारं पाणी मारलं. खारंच हवं, गोड्या पाण्याने लाकूड कुजतं.

बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणूनचा तांब्याचा रंग आधीच लावला, ती चूक. तो अगदी शेवटी, उतरवायच्या आदल्या दिवशी लावा. उघड्यावर राहिला की जोर जातो. पुन्हा एक हात मारावा लागला. झिंकच्या वड्यांवर मात्र रंग नको, नाहीतर त्यांच्याऐवजी पंखा नि शाफ्ट झिजतात.

आणि इंजिन बदलायचं ठरलं की होडी वर घेण्याआधीच कार्यालयात विचारून, पाहणीची तारीख उधाणाच्या आधीची मागून घ्या.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या भरतीला होडी उतरली. पहिली रात्र पंप सारखा चालू. तिसऱ्या दिवशी सांधे मिटले, तळ कोरडा.