आठ्यांचं इंजेक्शन घेण्याआधी मी काय काय विचारलं

भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेषा मला तिशीपासूनच आहेत. पन्नाशी जवळ आली तशा त्या खोल गेल्या. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. ठेवीची पावती घ्यायला आलेली माणसं "मॅडम, आज काय बिनसलंय काय?" असं विचारायची, तेव्हा माझं काहीही बिनसलेलं नसायचं. रोज चार माणसांनी हे विचारलं की त्याचा त्रास होतो. म्हणून या रेषांवरचं बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यायचं मनात आलं. नुसतं चांगलं दिसायचं म्हणून घेतलं असतं, तरी त्यात मला वावगं वाटलं नसतं.

घरात विषय काढल्यावर मिस्टरांनी मोबाइलवर वाचून दाखवलं, "अगं, हे विष आहे!" ते खोटं नव्हतं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूपासून मिळणारं हे टॉक्सिन. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेलं तर माणसाला लुळं करतं. औषध म्हणून ते अतिशय थोड्या प्रमाणात, ठरावीक स्नायूत टोचतात. मज्जातंतूकडून स्नायूला आकसण्याचा जो निरोप जातो, तो काही महिने थांबतो. स्नायू सैल पडला की त्याच्यावरच्या कातडीला घडी पडत नाही. अमेरिकेत 1989 साली याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी. भुवयांमधल्या रेषांसाठीची मान्यता 2002 ची. मिस्टरांना मी एवढंच म्हटलं, की विष आहे म्हणूनच नीट विचारून घेणार आहे.

त्यानंतर मी प्रश्न लिहून काढले. माझी जाऊ इचलकरंजीला असते, तिच्या ओळखीतल्या एका बाईंची पापणी इंजेक्शननंतर खाली आली होती. तिचा फोन आला, "वैनी, स्वस्तात मिळालं म्हणून जाऊ नका. मी बी येतो तुमच्यासंगं." आणि ती आली.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण माझ्या मैत्रिणींत तो सर्रास आहे. पार्लरमध्ये 'हेअर बोटॉक्स' म्हणून केसांना जे लावतात त्यात हे औषध नसतं. ती केसांची ट्रीटमेंट आहे, आणि ती करणाऱ्या पार्लरवालीने चेहऱ्यावर सुई टोचण्याचा काही संबंध नाही.

आम्ही आधी गेलो ते ठिकाण दिसायला झकपक होतं. रिसेप्शनवरच्या मुलीनेच सगळं समजावलं. पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज, आज पैसे भरले तर सवलत, शिवाय ओठांच्या बाजूच्या रेषांसाठी फिलर, म्हणजे खळगा भरणारं वेगळं इंजेक्शन. मी विचारलं, "इंजेक्शन कोण देणार?" तर म्हणाली, बाहेरगावचे सर येतात. कधी येतात? महिन्यातून एकदा. मग त्यांच्या माघारी काही झालं तर बघणार कोण? यावर ती म्हणाली, "काही होत नाही मॅडम, आम्ही आहोत ना."

माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यांत मोठा आहे, आणि कोल्हापूरसारख्या गावात तो विचारायलाच हवा. मोठ्या शहरांतून ठरावीक दिवशी येणारे डॉक्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांतले बरेच हुशारही असतील. पण या इंजेक्शनचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसू लागतो आणि पूर्ण कळायला दोन आठवडे जातात. म्हणजे गडबड झालीच तर ती कळेपर्यंत सर परतीच्या गाडीने केव्हाच गेलेले असतात. सुई मारणारा माणूस दोन आठवड्यांनी मला भेटेल का, आणि मधल्या काळात फोन उचलेल का, याचं स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. आम्ही तिथून उठलो.

औषधाची बाटली बघायला मागितली तेव्हाही त्या मुलीने विषय बदलला होता. ते मला जास्त खटकलं. हे औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. आपल्याकडे वीज जाते, उन्हाळ्यात तर तासन् तास जाते. फ्रीजला बॅकअप आहे का, हा त्यामुळे अगदी साधा आणि रास्त प्रश्न आहे. शिवाय बनावट औषधाची भीती खरी आहे. 2024 साली अमेरिकेत बनावट किंवा नीट न हाताळलेल्या बोटॉक्समुळे माणसं आजारी पडली, काहींना दवाखान्यात दाखल करावं लागलं. तिथे हे घडतं, तर आपण बाटलीवरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत वाचायला मागितली तर कुणाला राग यायचं कारण नाही.

नंतर ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञांचं नाव सुचवलं. जायच्या आधी मी त्यांची पदवी बघितली. त्वचारोगात एम.डी. नोंदणी क्रमांक त्यांच्या पाटीवर होता, तो वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत ऑनलाइन तपासता येतो, तोही तपासला. प्लास्टिक सर्जनही हे काम करतात. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर मूळ पदवी कोणती ते विचारा, कारण थोड्या दिवसांचा कोर्स करूनही हे नाव लावणारे आहेत.

या डॉक्टर बाईंनी माझे प्रश्न ऐकायच्या आधी स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली. स्नायूंचा काही आजार आहे का, मायस्थेनिया ग्रॅव्हिस वगैरे? कधी तोंड वाकडं झालं होतं का? गिळायला, श्वास घ्यायला त्रास होतो का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? अलीकडे कुठली अँटिबायोटिक इंजेक्शनं घेतलीत का, कारण जेंटामायसिनसारख्या काही औषधांमुळे याचा परिणाम वाढू शकतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या हे देत नाहीत, हेही सांगितलं, कारण माझ्याबरोबर आलेली माझी भाची तेवढ्या वयाची होती. मला तर वाटतं, डॉक्टरांनी तुम्हाला काहीच विचारलं नाही तर तिथून निघून यावं.

मग त्यांनी मला आरशासमोर बसवलं. भुवया आवळा, वर उचला, डोळे घट्ट मिटा. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, भुवयांमधलं करूया. कपाळावरच्या आडव्या रेषांना मी हात लावणार नाही." मी कारण विचारलं. माझ्या वरच्या पापण्या वयाने थोड्या जड झाल्यात, आणि नकळत मी कपाळाच्या स्नायूने भुवया उचलून धरते म्हणून डोळे मोकळे राहतात. तो स्नायूच सैल केला तर भुवया खाली बसतील आणि मी आतापेक्षा दमलेली दिसेन. पहिल्या ठिकाणच्या पूर्ण चेहऱ्याच्या पॅकेजमध्ये कपाळ होतंच. हे ऐकल्यावर माझा त्या डॉक्टरांवर विश्वास बसला. मिळणारे पैसे सोडून 'हे नको' म्हणणारा माणूस मला पटतो.

त्यांनी अपेक्षाही ताळ्यावर आणली. चेहरा हलवल्यावर पडणाऱ्या रेषा याने जातात. काहीच हावभाव नसतानाही ज्या रेषा कोरल्यासारख्या दिसतात, त्या फिक्या होतात, पण पुसल्या जातीलच असं नाही. माझ्या दोनपैकी एक रेष तशी होती. परिणाम तीन ते चार महिने टिकतो, नंतर स्नायू पुन्हा पहिल्यासारखा काम करू लागतो.

आता पैशाचा भाग. दर 'भागाचा' सांगतात, 'युनिट'चा, म्हणजे औषधाच्या मापाचा सांगतात किंवा अख्ख्या बाटलीचा. युनिट किती देणार ते लिहून घ्या. भुवयांमधल्या रेषांसाठी बोटॉक्सची नेहमीची मात्रा 20 युनिट असते, पाच जागी चार-चार. दुसऱ्या कंपनीच्या औषधाचं युनिट मात्र वेगळं मोजलं जातं. डिस्पोर्टमध्ये त्याच जागेला 50 युनिट लागतात. म्हणून नुसते आकडे बघून हे स्वस्त, ते महाग अशी तुलना करू नका. आधी औषधाचं नाव, मग युनिट. आरोग्य विमा यात उपयोगी पडत नाही.

जावेने तिच्या मनातलं विचारलं, "पापणी पडली तर काय करणार?" डॉक्टरांनी टाळलं नाही. औषध भुवईजवळून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलं तर असं होतं. दिलेलं औषध परत काढता येत नाही, उतारा देऊन लगेच परिणाम पुसता येत नाही. थेंबांनी पापणी थोडी उचलता येते, बाकी काही आठवडे वाट बघायची. पण दोन-दोन दिसणं, गिळताना अडखळणं, बोबडं बोलणं, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर फोनची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि कोणतं इंजेक्शन, कधी घेतलं ते सांगायचं. सीपीआर हे कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय आमच्या घरापासून जवळ, म्हणून तिथे जायचं असं आम्ही घरात सांगून ठेवलं.

फिलरबद्दल विचारलं तेव्हा त्या अधिक गंभीर झाल्या. फिलरमध्ये बहुधा हायल्युरोनिक ॲसिडचं जेल असतं, ते खळगा भरून काढतं. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवणारं हायल्युरोनिडेझ नावाचं औषध असतं. ते ज्यांच्या कपाटात तयार नाही, त्यांच्याकडून फिलर घेऊच नका, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. पहिल्या ठिकाणी हेच फिलर आम्हाला सवलतीत देत होते.

भाच्याचं लग्न फेब्रुवारीत होतं. इंजेक्शन त्याआधी निदान महिनाभर घ्या, असं त्या म्हणाल्या. दोन आठवडे परिणाम कळायला, सुईचा काळानिळा डाग पडला तर तो जायला, आणि एखादी भुवई जास्त उचलली गेली तर दुरुस्तीला. हळदीच्या आदल्या आठवड्यात धावत येणाऱ्या बायकांना त्या परत पाठवतात.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी म्हटलं, मला यातली ओळ न् ओळ मराठीत सांगा, मगच सही करते. त्यांनी सांगितली. त्यासाठी बाहेरच्या पेशंटना थांबावं लागलं, कुणी कुरकुर केली नाही.

प्रत्यक्ष इंजेक्शनला फार वेळ लागला नाही. आधी फोटो काढले, जागा पुसली, बर्फ लावला. 50 युनिटची बाटली माझ्यासमोर उघडली, सलाइन माझ्यासमोर मिसळलं. उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवणार का, असं विचारलं तर नाही म्हणाल्या, मिसळल्यावर ते 24 तासांत वापरायचं असतं. सुई अगदी बारीक, मुंगी चावल्यासारखी पाच वेळा टोचली. चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही, त्या दिवशी फेशियल नाही, व्यायाम नाही. संध्याकाळी रंकाळ्याला जावेबरोबर सावकाश चालून आले, तेवढं चालत होतं. रात्री डोकं थोडं दुखलं, तेही त्यांनी आधीच सांगितलं होतं.

दोन आठवड्यांनी त्यांनी पुन्हा भुवया आवळायला लावल्या, नवे फोटो जुन्यांशेजारी ठेवून दाखवले. एक रेष गेली होती, दुसरी पुसट राहिली होती. आणखी औषध नको, असं दोघींचंही मत पडलं. काउंटरवर आता कुणी काय बिनसलंय म्हणून विचारत नाही, आणि माझ्या चेहऱ्यात काय बदललंय हेही कुणाला सांगता येत नाही. मला नेमकं एवढंच हवं होतं.

सध्या परिणाम ओसरायला लागलाय. पुन्हा घेतलं तर तीन महिने पुरे झाल्याशिवाय नाही, कारण वरचेवर आणि जास्त मात्रेत घेतल्याने शरीरात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन ते लागू पडेनासं होऊ शकतं. डॉक्टरांनी कार्डावर औषधाचं नाव, बॅच नंबर, युनिट आणि तारीख लिहून दिलीय. ते कार्ड मी आधारकार्डाच्या पाकिटात ठेवलंय, म्हणजे उद्या कुठल्याही दवाखान्यात जायची वेळ आली तर दाखवता येईल.